टीव्हीवर पहिल्यांदा दिसलेली वहिनी

वहिनी,

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर. तुझ्या तेराव्याला आलेल्या लोकांना मी हे सांगितलं, तेव्हा काहींना वाटलं तू कधीकाळी बातम्या वगैरे देत असशील. मग सगळी गोष्ट सांगावी लागली. सांगताना लक्षात आलं, ही गोष्ट आजवर नेहमी तूच सांगायचीस आणि सांगायचीस ती स्टेडियमच्या बाजूनं. आमच्या चामराजपेटच्या घरात त्या संध्याकाळी काय झालं, ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. काही तर कळलंच नव्हतं. आज नीट सांगते. तू मध्ये बोलणार नाहीस, त्यामुळे या वेळी तरी पूर्ण होईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा नुकताच इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत लागला होता. कंपनीची बस सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. पगार बरा होता, त्यामुळे त्याच्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. आपल्यासारखी जुनी मराठी घरं बंगळुरात तशी ओळखीचीच. अप्पांना त्यातलं काही पसंत पडेना, म्हणून धारवाडचं एक स्थळ आलं होतं. देसाई. मुलगी शिकलेली, पत्रिका जुळलेली, फोटो इकडचे तिकडे गेलेले. मुलीचे आईवडील कुणाच्या तरी मुंजीसाठी बंगळूरला येणार होते, तेव्हाच आपलं घर आणि मुलगा बघून जातील असं ठरलं.

अण्णानं सकाळी सांगितलं, "ऑफिसात तातडीचं काम निघालंय. पण दिवेलागणीपर्यंत येतो." सुट्टीच्या दिवशी कसलं काम, असं कुणी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. अप्पा प्रश्न विचारायचे नाहीत आणि अण्णा उत्तरं द्यायचा नाही. दोघांचं बरं चाललं होतं.

देसाई नवराबायको चारच्या पुढे आले. आईनं चिरोटे केले होते. कॉफी झाली, मुंजीची चौकशी झाली, धारवाडच्या हवेची झाली, बंगळूरच्या हवेची झाली. अण्णाचा पत्ता नव्हता. अप्पा दर थोड्या वेळानं "येईल, येईल, स्वल्प उशीर झाला" म्हणत होते. बोलायला काही उरलं नाही, तेव्हा देसाईकाका जरा संकोचून म्हणाले, "राग येणार नसेल तर टीव्ही लावता का? इथंच मॅच चाललीय ना तुमच्याकडे. स्कोअर काय झालाय तेवढं बघू."

आमच्या टीव्हीवर आईनं भरतकाम केलेलं झाकण असायचं. बातम्यांपुरतं ते निघायचं. पाहुण्यांनी सांगितल्यावर इलाज नव्हता. मी झाकण काढून घडी घातली आणि बटण दाबलं. चित्र यायला वेळ लागायचा, आवाज आधी यायचा. लोकांचा आरडाओरडा आला, मग हिरवं मैदान आलं. दिवे लावून खेळायची मॅच होती. उजेड अजून होता, पण दिवे लागले होते.

देसाईकाका पुढे सरकून बसले. मला क्रिकेटमधलं फार कळत नव्हतं, पण घरात काहीतरी आवाज होतोय याचंच बरं वाटत होतं. मग आपल्या एकानं उंच फटका मारला. चेंडू वर गेला, प्रेक्षकांत पडायला आला आणि कॅमेरा त्याच्यामागे गेला. पिवळ्या पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी दोन्ही हात वर करून उभी होती. चेंडू तिच्या हातात आला आणि सुटला. ती कपाळावर हात मारून घेत हसली. तिच्या शेजारी आमचा अण्णा होता. तोंड उघडं टाकून, डोळे मिटून हसत होता. त्याच्या खांद्यावर तांबड्या रंगाची बायकी पर्स होती.

देसाईकाका म्हणाले, "अहो, हे आपले श्रीधर नव्हेत का?"

आई ताबडतोब म्हणाली, "छे हो. तो ऑफिसात आहे. एकासारखी एक माणसं असतात."

आईनं आयुष्यात इतकं चटकन कधी उत्तर दिलं नसेल. ते निभावूनही गेलं असतं, वहिनी. पण मग त्यांनी तो फटका पुन्हा दाखवला. हळू गतीनं. चेंडू सावकाश वर गेला, सावकाश खाली आला, तुझे हात सावकाश उघडले, आणि अण्णा इतका सावकाश हसायला लागला की त्याचा पुढचा किंचित वाकडा दातसुद्धा दिसला. हातावर मी त्याला बांधलेली राखी होती. आई आत निघून गेली.

अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना उठून टीव्ही बंद करायचा असणार, पण पाहुण्यांसमोर बंद केला तर मान्य केल्यासारखं होतं. देसाईकाकांनीच ती अडचण सोडवली. ते षटक संपेपर्यंत त्यांनी शांतपणे पाहिलं, मग बायकोकडे बघितलं आणि उठले. अप्पांना म्हणाले, "आता कळलं हे बरं झालं. नंतर कळलं असतं तर आमच्या मुलीचं कठीण होतं." चपला घालताना थांबून म्हणाले, "मुलगा हसताना चांगला दिसतो हो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसा नव्हता." त्यात टोमणा नव्हता. मी दारातच उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

ते गेल्यावर अप्पांनी टीव्ही बंद केला आणि झाकण स्वतः घातलं.

अण्णा थोड्याच वेळात आला. तुला खरं कारण न सांगता तिथं एकटीला सोडून, मॅच अर्धी टाकून आला होता, कारण पाहुण्यांना शब्द दिला होता. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता, आणि तो त्या दिवशी काही कामाचा नव्हता. घाम पुसत आत आला आणि म्हणाला, "फार काम होतं. पाहुणे गेले का?"

अप्पा म्हणाले, "मॅचचं काय झालं?"

"मला काय ठाऊक? मी ऑफिसात..."

"पर्स कुणाची होती?"

अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

तुला न सांगितलेलं म्हणजे दुसऱ्या सकाळचं. मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन घालत होते. अप्पा आत आले, जे ते कधी यायचे नाहीत, आणि हळू आवाजात म्हणाले, "सुमा, तो बाहेर असा हसतो का नेहमी?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, अप्पा." ते म्हणाले, "मलाही नव्हतं." आणि परत गेले. मी हे अण्णालाही सांगितलं नाही. अप्पांना चाललं नसतं असं तेव्हा वाटलं. पुढे तुमचं सगळं सुरळीत झालं आणि सांगायचं निमित्त राहिलं नाही.

पण त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. अप्पा अण्णाशी बोलत नव्हते. आधीही फारसे बोलत नव्हते, तरी न बोलण्यातला फरक सगळ्यांना कळत होता. आई दोघांच्या ताटांमध्ये उभी राहून एकाचं "त्याला विचार" आणि दुसऱ्याचं "त्यांना सांग" पोचवत होती. अण्णानं तुझ्याविषयी एवढंच सांगितलं की तू नागपूरची आहेस, त्याच्याच बसनं येतेस आणि जयनगरला मुलींच्या हॉस्टेलवर राहतेस. अप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, "मराठी आहे तर लपवायचं काय होतं?" माझ्या मते अण्णाला काही लपवायचं नव्हतं. घरी काही सांगायची सवयच नव्हती.

मग तू आलीस. शनिवारी सकाळी, एकटी, रिकाम्या हातानं. अण्णा बाजारात गेला होता. मी दार उघडलं आणि तुला लगेच ओळखलं. पर्सही तीच होती.

"श्रीधरच्या घरचे ना? मी अलका. काका आहेत का घरी?"

अप्पा बाहेर आले. तू वाकून नमस्कार केलास आणि बसायला सांगायच्या आत बसलीस.

"काका, त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते हे यानं मला सांगितलंच नव्हतं. सोमवारी बसमध्ये कळलं. आधी कळलं असतं ना, तर मीच त्याला घरी हाकललं असतं. मी तेव्हापासून विचार करून राहिली, की त्या मुलीला कसं वाटलं असेल?"

अप्पांना तुझं बोलणं समजायला जरा वेळ लागला. "विचार करून राहिली म्हणजे? कुठं राहिली?"

"म्हणजे... करतेय, काका. आमच्याकडे असंच म्हणतात."

"सरी, सरी," अप्पा म्हणाले, आपलं कानडीतलं "बरं, बरं". मग तुला त्यांचं समजलं नाही. "सरी म्हणजे काय, काका?"

मी आत जाऊन तोंडाला पदर लावला. एकाच भाषेतली दोन माणसं एकमेकांना अर्थ विचारत होती. पण तू लगेच मुद्द्यावर आलीस. म्हणालीस, "माझ्याबद्दल तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, ते मागून बघू. आधी श्रीधरनं धारवाडला जाऊन त्या लोकांची माफी मागायला पाहिजे. तो एकटा जायला लाजून राहिला. तुम्ही जाल का त्याच्यासोबत?"

मला वाटलं, अप्पा आता उठून आत जातील. पण ते म्हणाले, "कॉफी घेता का चहा?"

"चहा," तू म्हणालीस. आमच्या घरात चहाची पूड नव्हती. मी मागच्या दारानं शेजारच्या सरोजम्मांकडे धावले.

पुढच्याच आठवड्यात अप्पा आणि अण्णा धारवाडला गेले. तिथं काय झालं ते अण्णानं तुला सांगितलं, तूच ते हजार वेळा लोकांना सांगितलंस. देसाईकाकांनी दोघांना जेवायला घातलं. आणि ती मुलगी, विजया, स्वतः बाहेर येऊन अण्णाला म्हणाली, "मीपण मॅच बघत होते. तुमच्या शेजारच्या बाईंनी तो कॅच सोडायला नको होता." अप्पा हे सांगताना दर वेळी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबायचे. पण गाडीतून परत येताना बापलेक काय बोलले, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. बोलले एवढं खरं. घरात शिरले तेव्हा अप्पा अण्णाला विचारत होते, "मग ती चहाच पिणार का रोज?"

लग्न झालं आणि तू चामराजपेटला राहायला आलीस. मी तुला "तुम्ही" म्हणायचे. तू म्हणालीस, "तुम्ही म्हटलंस तर मी ओ देणार नाही." दोन दिवस खरोखर दिली नाहीस. आमच्याकडे जेवताना बोलायचं नाही असा नियम होता. तुला कुणी सांगितलाच नसावा, किंवा सांगितला आणि तू ऐकलं नसशील. पहिल्याच दिवशी ताटावर बसून म्हणालीस, "बाप्पा, हे सारू किती पातळ! पळून जाऊन राहिलं ताटातून." आई दचकली. अप्पांनी मान खाली घातली. आणि मग, वहिनी, अप्पा म्हणाले, "भाताचं आळं करायचं असतं त्याला. असं." आणि हातानं करून दाखवलं.

अशाच एका जेवणात तू विचारलंस, "सुमा पुढे काय करणार?" माझं बी.कॉम. झालं होतं आणि मी घरी बसून होते. पुढे म्हणजे लग्न, असंच सगळे धरून चालले होते. अप्पा म्हणाले, "बघतोय आम्ही." तू म्हणालीस, "मुलगा बघून राहिले ते मला माहीत आहे. मी सुमाबद्दल विचारलं." मला तिथल्या तिथं उठून पळावंसं वाटलं. पण पुढच्या महिन्यात तू मला शिवाजीनगरच्या कॉम्प्युटर क्लासला घातलंस, वर्षभरात मी एका ट्रॅव्हल कंपनीत हिशेब बघायला लागले. तिथंच मला मंजुनाथ भेटला. त्याला घरी आणायच्या आधी मी तुला सांगितलं. टीव्हीवर दिसायची वाट नाही बघितली.

याबद्दल तुला कधी "थँक्स" म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस, हे खरं. पण मी म्हणायचा प्रयत्नही केला नाही, हेही खरं.

त्या सुटलेल्या कॅचवरून आपण किती भांडलो! तुझं म्हणणं, मागच्या माणसाचा धक्का लागला. माझं म्हणणं, धक्काबिक्का काही नाही, मी हळू गतीत बघितलंय, तुझे हात आधीच उघडले होते. अण्णाला साक्षीला काढलं की तो म्हणायचा, "माझे डोळे मिटले होते." हे भांडण आपण मुलं झाल्यावर भांडलो, अप्पांच्या पंच्याहत्तरीला भांडलो, तुम्ही बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात त्या दिवशी सामानाच्या खोक्यांवर बसून भांडलो. ते राहिलं तर राहू दे. मजेचं होतं.

शेवटचं भांडण मात्र मजेचं नव्हतं. तुझ्या आजारपणातली एक दुपार होती, तुझ्या खिडकीतून तलावावरची जलपर्णी दिसत होती. मी म्हटलं, "अजून एका डॉक्टरला दाखवू. मी फोन करून ठेवलाय." तू म्हणालीस, "नको, सुमा. आता इंजेक्शनं नकोत. मला घरात राहायचंय. तू माझ्या बाजूनं बोल, डॉक्टरांच्या नाही." मी चिडले. "तुझ्याच बाजूनं बोलतेय!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की मदतीला ठेवलेली बाई दारात आली. तिनं तुला औषध दिलं, तू डोळे मिटलेस, आणि ते बोलणं तिथंच थांबलं. पुन्हा निघालं नाही. नंतर तू बोलायचीस ते पाणी, उशी, पंखा एवढंच.

माणूस गेलं की त्याचंच बरोबर होतं असं म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. मला अजूनही वाटतं दाखवायला हवं होतं. कदाचित आणखी थोडे महिने मिळाले असते. कदाचित नसते, आणि जे होते तेही दवाखान्यात गेले असते. तू घरात गेलीस, स्वतःच्या पलंगावर, अण्णाच्या हाताशी. हे तुला हवं होतं आणि ते झालं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचं पटत नाही.

आता अण्णाबद्दल. ते तुला कळायला हवं.

तुमची मुलगी महिनाभर राहून परत गेली. तिनं "बाबा, चला माझ्याबरोबर" म्हणून पाहिलं. तो नाही म्हणाला. तू असताना माझा फोन तुला यायचा, अण्णाची खबर मला तुझ्याकडून कळायची. त्याला सर्दी झालेली, त्यानं नवा चष्मा केलेला, त्याचं सोसायटीत कुणाशी वाजलेलं, सगळं. इतक्या वर्षांत आम्ही भाऊबहीण एकमेकांशी थेट बोललोच नव्हतो म्हटलं तरी चालेल. तू गेल्यावर मी फोन करायचे. तो "हं", "बरं", फार तर कानडीत "आयतु", म्हणजे "झालं", एवढंच म्हणायचा आणि ठेवायचा. मला वाटलं, झालं, आमचं जुनं घर परत आलं.

गेल्या गुरुवारी त्याचा फोन आला. आपणहून. मी घाबरले, काय झालं म्हणून.

"काही नाही," तो म्हणाला. "ऊट आयता?"

"झालं जेवण. तुझं?"

"झालं." मग म्हणाला, "सुमा, मला काय बोलायचं ते कळत नाही. पण फोन करावासा वाटला."

"मग कर ना. काहीही बोल."

त्यानं सांगितलं की पाण्याची मोटर दुरुस्त झाली. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रं आणलंय. इतकंच. "बरं, ठेवतो," म्हणाला, पण ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "रविवारी येतेस का? मी चित्रान्न करतो."

वहिनी, त्यानं आयुष्यात कधी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता. मंजुनाथही येतो म्हणत होता, मी त्याला थांबवलं. रविवारी बसनं गेले. रिंग रोडवर नेहमीसारखी गर्दी, पोचेपर्यंत भूक लागली होती. अण्णानं दोन ताटं घेतली, पाणी ठेवलं, समोर बसला. मी पहिला घास घेतला. लिंबू भरपूर होतं, शेंगदाणे करपले होते, मीठ घालायचं राहिलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "अण्णा, मीठ नाही यात."

तो उठला, मीठ आणलं, वरून घातलं, हातानं कालवलं. मग बसल्या बसल्या म्हणाला, "आजारी होती तेव्हा एकदा मी तिला पेज करून दिली. तिनं सगळी खाल्ली. चांगली झाली म्हणाली. मी नंतर चाखून बघितली, तर तिच्यात मीठच नव्हतं." त्यानं मीठ बाजूला सरकवलं. "अलका कधी असं खपवून घ्यायची नाही गं. तेव्हाच मला कळलं, की आता ती फार दिवस नाही."

मला हे माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस, आणि तो कधी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याला तुझं आणि माझं शेवटचं बोलणं सांगितलं, मोठ्यानं ओरडले तेसुद्धा. तो म्हणाला, "मीही भांडलो होतो तिच्याशी, त्याच गोष्टीवरून." मग त्यानं बसमधल्या तुमच्या पहिल्या ओळखीचं सांगितलं, मी अप्पा स्वयंपाकघरात आले होते त्या सकाळचं सांगितलं. तो रडला. मीही रडले. मध्येच कशावरून तरी हसलो.

जेवणं कधीच झाली होती. हात वाळून कोरडे पडले होते, ताटातला भात कडक झाला होता. तरी आम्ही दोघं तिथंच बसून बोलत होतो.

सुमा